शिशाला चिकटलेली वाळू

माझे आजोबा तांडेल होते. रत्नागिरीहून शिडाच्या गलबतात लाकूड भरून ते बसऱ्याला जायचे. त्यांची वही आता कतारमध्ये, मी नोकरी करतो त्या मेसईदला, माझ्या कपाटात आहे. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाला चरबी फासून ते समुद्राच्या तळाशी सोडायचे, चिकटून आलेली वाळू जिभेवर ठेवायचे आणि कुठं पोचलो ते लिहायचे. पानंच्या पानं नुसता वारा आणि वाळू. घराबद्दल अवाक्षर नाही. मला त्याचा भारी राग यायचा. मग एक ओळ सापडली: 'रुवैससमोर. वाळू आपल्या खाडीच्या चवीची.'

परवा सुट्टी होती. गाडी काढून कतारच्या उत्तर टोकाला, त्याच रुवैसला गेलो आणि चिमूटभर ओली वाळू चाखली. खारट लागली, एवढंच. आपल्या खाडीची चव कशी असते, तेच मला आठवेना.