साहेबांचा गोल

सिरसाळ्यात भांड्यांचं दुकान चालवणारे ईश्वरप्पा तरुणपणी सोलापूरच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघात बॅकला खेळत. सगळ्या कारकिर्दीत त्यांनी एकही गोल मारला नाही, आणि हे ते अभिमानानं सांगत. टीव्हीवर भारताचा सामना लागला की ते फक्त आपल्या गोलाकडची बाजू बघत. आपले खेळाडू चाल करून पलीकडं गेले, की हे गिऱ्हाइकाकडं वळत.

“आपले पोरं लई बॉलकडं बघतेत,” ते म्हणत. “समोरच्याच्या कमरेकडं बघावं. डोळे फसवतेत, पाय फसवतेत. कंबर गरीब असती.”

गेल्या हिवाळ्यात गावात फुटबॉलची स्पर्धा भरली. उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी विजयसिंह येणार होते. त्यांनी मोकळ्या गोलात चेंडू मारायचा, मग ताशा, मग भाषण. गावातले एकमेव जुने खेळाडू म्हणून आयोजक रविराजनं ईश्वरप्पांना गोलापाशी उभं केलं.

“काका, फोटोपुरतं उभं राहायचं फक्त.”

विजयसिंहांनी पांढरी विजार सावरून चेंडूला पाय लावला. ईश्वरप्पांनी पुढं होऊन तो मंडपावर टोलवला. ताशेवाल्यांनी वाजवायला सुरुवातही केली होती. ते गप झाले.

लोक हसले. साहेबही हसले. चेंडू परत आणला. या वेळी तो उसात गेला.

“काका, उद्घाटन हाय हे!” रविराज कळवळला.

“मंग करा की उद्घाटन. त्याला गोल कावून लागतो?”

पुढच्या वेळी साहेबांनी चपला काढल्या. त्याच्या पुढच्या वेळी जाकीट. दोन्ही संघ रांगेत ताटकळत होते. ईश्वरप्पांची बायको गंगासागर बायकांतून ओरडली, “अवो, सोडा की एक! मोठा माणूस हाय.”

“मोठ्या माणसाला बी कंबर असतीच की!”

शेवटी सुग्रीव नावाच्या कार्यकर्त्याला सुचलं. त्यानं चौघांना हाक मारली, त्यांनी बांबूचा अख्खा गोल उपटला आणि चेंडू पडला होता तिथं नेऊन त्याच्या पुढ्यात रोवला. साहेबांनी पाय लावला, चेंडू आत. ताशा कडाडला, हार पडले. ईश्वरप्पा हात वर करून “फाउल, फाउल” ओरडत राहिले. त्यांच्याही खांद्यावर कुणीतरी शाल टाकली.

साहेबांच्या गोलाची जागा म्हणून ते बांबू हलवायची कुणाची छाती होईना. सगळी स्पर्धा तिथंच झाली. मैदान तिरकं पडलं, आणि एका बाजूचा कॉर्नर आचाऱ्याच्या चुलीपासून घ्यावा लागे.

ईश्वरप्पांना मात्र अन्न गोड लागेना. आपण उभे असताना गोल झाला, असं पेपरात छापून आलं होतं.

आठवड्याभरानं सकाळी विजयसिंह एकटेच दुकानात आले. बराच वेळ एक तांब्या हातात फिरवत बसले.

“अप्पा, खरं सांगा. त्यो गोल नव्हता ना?”

“नव्हता, साहेब.”

“मलाबी तसंच वाटलं. तवापासून झोप न्हाई बघा.” साहेबांनी तांब्या खाली ठेवला. “एक खरा मारू द्या.”

“देणार न्हाई. मारा तुमी.”

दोघं गल्लीत उतरले. गंगासागरबाईंनी दारातल्या कळशा भराभर आत घेतल्या.

आता साहेब दर रविवारी येतात. अजून एकही गेलेला नाही. परवा भारत हरला, तेव्हा ते तावातावानं म्हणाले, “आपल्या पोरांना गोलच मारता येत न्हाई!”

“तुमाला येतो का?” ईश्वरप्पांनी परात पुसता पुसता विचारलं.

साहेब उठून विजार खोचू लागले.