भांगाच्या पाण्यातला कॅमेरा

तारापूरच्या खाडीकाठी सुलूला कुणी जाळी शिवणारी म्हणून ओळखतं, कुणी भांडकुदळ म्हणून. दोन्ही खरं. तिच्या बायकांच्या गटाने खाडीत तरंगते पिंजरे लावून जिताडा पाळलाय. पिंजऱ्याच्या जाळ्याला भोक पडलं की मासा पसार. म्हणून तिचा नवरा नवशा वर्षानुवर्षं बुडी मारून जाळं बघत आला. बघायचं कसलं, चाचपायचं. त्या गढूळ पाण्यात डोळे उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. चिंबोरीने एक दोरा कुरतडला तरी त्याच्या बोटांना कळायचं.

खाडीने मात्र त्याचा डावा कान घेतला. आधी ठणका, मग पू, मग काहीच नाही. बोईसरच्या डॉक्टरांनी बजावलं, आता बुडी मारलीत तर उजवाही जाईल. नवशाने उजव्या कानाने ऐकलं आणि डाव्याने सोडून दिलं.

सुलूची झोप उडाली. पाण्याखाली जाणारा ड्रोन मिळतो असं तिने ऐकलं होतं, त्यासाठी तिने साऱ्या गटाचं डोकं खाल्लं. अखेर एका संस्थेने तो दिला. दप्तराएवढं पिवळं यंत्र, पुढे दिवा आणि कॅमेरा, मागे लांबलचक वायर, तिच्या टोकाला हातात धरायचा पडदा. शिकवायला सरावलीहून भाविका नावाची मुलगी यायची. सुलूचा हात त्यावर पटकन बसला.

"यंत्र बुडी मारनार, मंग मी काय गोट्या खेलू?" नवशा म्हणायचा.

नव्या वस्तूला मुहूर्त हवा. सुलूने माघी पौर्णिमा धरली, सगळ्याजणी हो म्हणाल्या. यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, ड्रोन पाण्यात उतरला. पडद्यावर दिसला निव्वळ चहा. भाविका बिचारी बटणं दाबत राहिली. तेवढ्यात म्हाताऱ्या लाडकीने कपाळावर हात मारला. "अगो बायांनो, आज पुनव. उधान हाय."

घ्या. पौर्णिमेला उधाणाची भरती आणि उधाणात तळाचा गाळ वर, हे त्यांच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण मुहूर्त म्हटल्यावर जन्म दर्यावर गेलेल्या बायकांची अक्कल चरायला गेली. नवशा पोट धरून हसला आणि शर्ट काढून त्याने बुडी मारली. वर आला तेव्हा त्याचा हात उजव्या कानावर होता.

त्या दिवशी सुलूने त्याला जेवायला हाक मारली. मग परत मारली. तो अंगणात पाठमोरा बसून राहिला. ती चुलीपुढे बसून रडली. सकाळी कान थोडा उघडला.

अष्टमीला भांग आला. भांगाला भरती-ओहोटीचा जोर नसतो, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. या खेपेला नारळ नाही की गर्दी नाही. होडीत तिघंच: वल्ह्यावर नवशा, यंत्रावर सुलू, शेजारी भाविका. पडद्यावर जाळं दिसलं, त्यावरचं शेवाळ दिसलं, आणि तळाच्या कोपऱ्यात तळहाताएवढं भोक.

नवशाची बोटं शर्टाच्या बटणांकडे गेली, वरचं एक सुटलंही.

"थांबा," सुलू त्याच्या उजव्या बाजूला सरकली. "कुठला कोपरा ते कललं ना? आता दोरीनं वर ओडू. शिवायला मी हाय."

"एवरा भार तुला ओडवंल?"

"तुमी ओडा. पान्यात नका जाऊ. मला तुमच्याशी जन्मभर भांडायचंय."

नवशाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने दोरी धरली. कोपरा चिखलासकट वर आला, सुलूने सुई काढली आणि भोक शिवून टाकलं. कोपरा पुन्हा खाली गेला. भाविका वायर गुंडाळायला लागली.

"नको गुंडालू, पोरी," नवशा म्हणाला. "अजून एकदा सोड."

ड्रोन उतरला. दिव्यासमोरून जिताडे जाऊ लागले, रुपेरी, जाडजूड, एकामागून एक. नवशा पडद्यावर इतका वाकला की सुलूला काही दिसेना.

"एवरी वर्सं नुसती हातानं चाचपली गो," तो म्हणाला. "बगितली कदी नाय."

त्याचे डोळे भरले होते. एका हाताने त्याने शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

"जरा डावीकडं घे," तो सुलूला म्हणाला.