रतिलाल नानांची डावी बाजू

आमच्या गावात कुणाला बाळंतकळा सुरू झाल्या, कुणी विहिरीवर पाय घसरून पडलं, की पहिलं नाव निघायचं रतिलाल नानांचं. मुक्ताईनगरच्या अलीकडं, केळीच्या बागांमध्ये बसलेलं आमचं गाव. एसटी येते, पण तिच्या वेळेला येते. नानांची पांढरी व्हॅन मात्र हाक मारली की दारात. तरुणपणी त्यांनी केळीचे ट्रक पार दिल्लीपर्यंत नेले होते. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, आपल्या गाडीखाली कधी कुत्रंसुद्धा आलं नाही. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

सत्तरी जवळ आली तसं लोक म्हणू लागले, नानांना आता मिजास आलीय. रस्त्याच्या कडेनं कुणी हात केला तरी ते मान न वळवता पुढं निघून जायचे. घरात डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा पेला कलंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. व्हॅनचा डावा आरसा फाटकाला घासून फुटला, तेव्हा नानांनी शेजाऱ्याच्या बैलावर ठपका ठेवला.

हे सगळं एकत्र जोडून पाहिलं ते त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी. डोळे दाखवून या, म्हणून त्या मागं लागल्या. पण नानांचा परवाना नुकताच वाढवून मिळाला होता. उतारवयात तो पाच-पाच वर्षांनीच वाढतो, आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती. नानांनी शेवटची बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचली होती. त्यात फसवाफसवी काहीच नव्हती. समोरचं त्यांना खरोखरच लख्ख दिसायचं. लांबच्या फाट्यावरची पाटी आमच्याआधी तेच वाचायचे.

"सरकारनं पाच वर्षं वाढवून देलं," ते बायकोला म्हणाले. "तुले सरकारपेक्षा जास्त समजते का?"

त्या दिवसापासून धुरपदाबाई व्हॅनमध्ये नानांच्या शेजारी बसू लागल्या. कधी मुक्ताबाईचं दर्शन, कधी बहिणीकडं निरोप, कधी नुसताच बाजार. काहीतरी निमित्त काढायचंच. बसल्या की हळू आवाजात सुरू व्हायचं. सायकलवाला आहे. म्हशी आहेत. बाई चाललीय, जरा थांबा. नाना गाडी आवरायचे. मागं बसलेल्यांना वाटायचं, म्हातारीला सवयच आहे बोलायची. अक्का नानांना एकटं सोडतच नाहीत, म्हणून बायका हसायच्या. धुरपदाबाईही हसायच्या. नाशिकला कारखान्यात असलेल्या मुलाला, ईश्वरला, त्यांनी यातलं कधी काही कळू दिलं नाही. गाडी सुटली तर हा माणूस घरात बसून झिजेल, हीच एक भीती त्यांच्या मनात होती.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. धुरपदाबाईंना थंडी वाजून ताप भरला, म्हणून त्यांचंच औषध आणायला नाना सकाळी एकटे निघाले. अंगात उठायचं त्राण नसतानाही त्या दारापर्यंत आल्या होत्या, गोळी उद्या आणली तरी चालेल म्हणाल्या होत्या. नानांनी ऐकलं नाही.

पाटाच्या वळणावर गाडीला काहीतरी धडकलं. फांदी असेल असं नानांना वाटलं. तरी ते उतरले, मागं गेले, आणि मान वळवून पाहिलं तेव्हा रस्त्याच्या खाली, गवतात, सुंदरबाई पडलेली दिसली. सुंदरबाई म्हणजे त्यांच्या मागच्या गल्लीतली विधवा बाई. ती वेचणीला निघाली होती. भाकरीचं फडकं अजून तिच्या हातातच होतं. ती ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती.

शेतातून नवल धावत आला. हा गावातलाच, ट्रॅक्टर चालवणारा माणूस. दोघांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. नाना चालकाच्या दाराकडं गेले, पण दार उघडून तिथंच उभे राहिले. नवलनं त्यांना हलकेच बाजूला केलं आणि स्वतः गाडी जळगावला नेली. नाना मागं सुंदरबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

पोलीस येण्याआधीच गावानं आपसांत ठरवून टाकलं होतं. परवाना चालू, विमा चालू, मग घाबरायचं काय? बाई अचानक रस्त्याच्या मधे आली, एवढं सांगितलं की झालं. नवल तसंच सांगायला तयार होता. सुंदरबाईचा मुलगा धनासुद्धा गप्प राहायला तयार होता, कारण त्याच्या बायकोला पहिल्या बाळंतपणात नानांनीच भर पावसात दवाखान्यात पोचवलं होतं. माझी बाजू घ्या, असं नानांनी कुणालाच म्हटलं नव्हतं.

हवालदार जबाब घ्यायला बसला. ओसरी माणसांनी भरली होती. त्यानंच वाट काढून दिली. बाई मधे आली होती ना, असं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "ती कडेनंच चालली होती, बिचारी. मले दिसली नाही."

हवालदारानं पुन्हा विचारलं. नानांनी पुन्हा तेच सांगितलं. नवल उठून बाहेर निघून गेला.

ईश्वर आला आणि वडिलांना जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टर मेघा यांच्याकडं घेऊन गेला. त्यांनी नानांना एका यंत्रासमोर बसवलं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाजूला कुठंही उजेड चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याची पाळी आली तेव्हा नाना वाट पाहत राहिले. मग त्यांनीच विचारलं, यंत्र सुरू कधी करणार? ते केव्हाचं सुरू होतं. डावीकडचे दिवे त्यांच्यासाठी लागलेच नव्हते.

काचबिंदू निघाला. डॉक्टर मेघांनी समजावून सांगितलं, की हा दुखत नाही, कडेनं नजर खात येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब रोज घालायचे. अक्षरं वाचून हे कळत नाही, म्हणून वय झाल्यावर डोळे आतून तपासून घ्यावे लागतात. मग त्यांनी विचारलं, गाडी चालवता का? नाना म्हणाले, चालवत होतो.

तिथूनच नानांनी मुलाला परिवहन कार्यालयात न्यायला लावलं. खिडकीतल्या कारकुनाला आधी उमजेना. मुदत तर अजून बरीच बाकी आहे, तो म्हणाला. नानांनी परवाना खिडकीतून आत सरकवला आणि हात मागं घेतला. ईश्वर सांगतो, की परतीच्या एसटीत वडील सगळा रस्ताभर खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

धुरपदाबाईंचा ताप उतरला, पण अन्न जाईना. एक दिवस त्या उठून मागच्या गल्लीत गेल्या. सुंदरबाई खाटेवर होती. धुरपदाबाई खाली जमिनीवर बसल्या आणि सगळं बोलून टाकलं. नानांना बाजूचं दिसत नाही हे आपल्याला माहीत होतं, दोन वर्षं आपणच त्यांचे डोळे झालो होतो, आणि त्या दिवशी तापात पडून राहिलो.

सुंदरबाईनं सगळं ऐकून घेतलं. 

"मंग तवाच सांगायचं होतं, अक्का," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं नाही. सुंदरबाई आता वॉकर धरून दारापर्यंत येते, पण शेतात जाणं कायमचं सुटलं. कोर्टात तारखा पडतात. नाना प्रत्येक तारखेला जातात आणि विचारलं की तेच सांगतात. चांगला वकील दिला असता तर नाना सुटले असते, असं लोक अजून म्हणतात. व्हॅन ईश्वरनं बोदवडच्या एका माणसाला देऊन टाकली. मागच्या महिन्यात धनाच्या काकूला छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिकेला फोन केला, ती येता येता उशीर झाला. बाई गेली. अंत्ययात्रेत नाना सगळ्यांच्या मागून, धुरपदाबाईंच्या भावाचा हात धरून चालले होते. त्यांच्याशी कुणी वाईट बोललं नाही. चांगलंही कुणी काही बोललं नाही.