फोटोमागचं घरटं

काचेमागं वाळकं गवत सरकतं तेव्हा एक बारीक, कोरडी खसखस होते. ज्यानं ती ऐकली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. आणि मी जी ऐकली, ती विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

चिमणीसारख्या शहाण्या जिवाला घरटं बांधतानाच कसली भूल पडते, हे मला आजवर उमगलेलं नाही. अवघं आकाश मोकळं, परळच्या रस्त्यांवर वड-पिंपळ उभे. आणि ही बाई संसार मांडणार कुठं, तर विजेच्या मीटरच्या पेटीवर, दिव्याच्या पत्र्याच्या टोपीत, नाहीतर भिंतीवर पुढं कललेल्या फोटोमागच्या वीतभर अंधारात! दिवसभर माणसांची वर्दळ, स्टोचा धूर, पोरांचा धिंगाणा, आणि तिथंच तिला निवारा वाटावा? की माणसांच्या जवळ राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, अशी तिची कुणी समजूत करून दिली आहे? तसं असेल तर त्या वर्षी तरी ती साफ फसली होती; माणसंच कुठं सुरक्षित होती!

गिरगावातून लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या धुमसत्या दिवसांत. शेजारच्या खोलीत सावित्रीकाकू राहायच्या, मालवणकडच्या, विधवा. त्यांचा एकुलता मुलगा यशवंत गिरणीत विणकाम खात्यात होता. त्यानं मित्राचा कोट घालून स्टुडिओत फोटो काढला आणि मोठ्या हौसेनं दारासमोरच्या भिंतीवर टांगला. चाळीत भिंतीवर जायचा मान देवांचा आणि गेलेल्यांचा. जित्या माणसाचा फोटो टांगू नये, म्हणून काकू कुरकुरल्या. यशवंत हसला आणि आणखी एक घाव घालून त्यानं खिळा पक्का केला.

मग तो मोर्चाला गेला. फोर्टात गोळीबार झाला. चाळीतले बाकीचे परतले, यशवंत परतला नाही. कुणी त्याला पडताना पाहिलं होतं, कुणी पळताना. माझे यजमान काकूंना घेऊन इस्पितळांतून, शवागारांतून, कोठड्यांतून हिंडले; ना यशवंत सापडला, ना त्याचं प्रेत. थोड्या दिवसांनी चळवळीतली मुलं झेंडूचा हार घेऊन आली, हुतात्म्याच्या तसबिरीला घालायला. काकूंनी दारातच हात आडवा धरला. "हार मेलेल्याक घालतत. माझो झील येतलो," एवढंच म्हणाल्या. मुलं हार घेऊन जिना उतरून गेली.

रोज रात्री त्या यशवंताच्या ताटात भात वाढायच्या, झाकून ठेवायच्या आणि सकाळी तोच शिळा भात स्वतः खायच्या. काय चव लागत असेल त्या घासाला? मला त्या भाताचा संताप यायचा. खरं सांगायचं तर काकूंचाही यायचा. आशेचे गोडवे गाणाऱ्यांनी ते ताट एकदा पाहायला हवं होतं. त्या बाईला दुःख खात नव्हतं एवढी आशा खात होती, आणि आम्ही शेजारीपाजारी नुसते बघत होतो.

त्याच सुमारास चिमण्यांनी त्या फोटोमागं घर मांडलं. यशवंतानं स्टो पुसायला गिरणीतून आणलेला सुताचा गुंता फळीवर तसाच पडला होता. काकू त्याला कुणाला हात लावू देत नसत. पण चिमण्यांना कोण अडवणार? एकेक पांढरा धागा चोचीत धरून त्या वर नेत, आणि जे मागं मावत नसे ते चौकटीच्या दोन्ही कडांवरून काचेवर लोंबे. रोज पाहणाऱ्या आम्हांला त्यात कचऱ्यापलीकडे काही दिसलं नाही. काकू मात्र खाली बसून ती खसखस ऐकत राहायच्या. पिल्लं झाल्यावर त्या खिडकीत भाताची शितं ठेवू लागल्या, आणि ती यशवंताच्या ताटातली होती.

शिमगा आटोपून गावाहून त्यांचे थोरले भाऊ आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी चहा घेऊन गेले होते. दारातून त्यांनी समोरच्या फोटोकडे पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले.

"बरा केलंस बाय, हार घातलंस ता," ते म्हणाले. "आता तेका शांती गावतली."

मला वाटलं, आता काकू ओरडतील, सख्ख्या भावाला घराबाहेर काढतील. त्यांनी फक्त वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भावासाठी पाट मांडायला उठल्या. म्हाताऱ्याची चूक कुणी सुधारली नाही, मीही नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी चाळभर झाडलोट चालली होती. पिल्लं उडून गेली होती, घरटं ओस पडलं होतं. काकूंची कंबर धरलेली, म्हणून मीच त्यांच्या खोलीत स्टुलावर चढले, घरटं काढून सुपात घेतलं आणि चौकटीवरचे धागे ओढायला हात घातला.

"रवांदे," काकू म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. यशवंताचं ताट त्यांच्या हातात होतं, घासून पुसलेलं, आणि त्या ते फळीवर पालथं घालत होत्या.

"चिमण्यांनी घातलो हार," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "मिया नाय घातलंय."

पुढं महाराष्ट्र मिळाला, चाळीवर रोषणाई झाली, आणि ते धागे स्टोच्या धुरानं काळे होईतो तिथंच लोंबत राहिले. त्या दिवशी मात्र स्टुलावरून उतरताना मी सवयीनं कान दिला. काचेमागं काही हलत नव्हतं.