अप्पांची गाणी आणि नवी फाइल सिस्टीम

शिक्षकाची नोकरी संपल्यावर माझे वडील, अप्पा, आमच्या मुडबी गावातल्या वयस्कर बायांची भीमगीतं ध्वनिमुद्रित करू लागले. त्यासाठी लिनक्स या प्रणालीवर चालणारा माझा जुना संगणक त्यांच्याकडं होता. मी हुमनाबादला कॉलेजात संगणक शिकवते, म्हणून त्याची देखभाल माझ्याकडंच.

एका उन्हाळ्यात त्यावर लिनक्सची नवी आवृत्ती टाकायला गेले. तिच्यात फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, बदलली होती. जुनीच हवी तर मुद्दाम निवडावी लागे. मी नवी राहू दिली. आधी सगळी गाणी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली.

"चांगलं चालायलंय की. कामून बदलायलीस?" अप्पांनी विचारलं.

"ही पद्धत फाइल वाचताना तपासती, अप्पा. बिघडली असंल तर सांगती."

"जुनी सांगत नव्हती?"

"न्हाई. सापडंल तसं देत होती."

त्यांना ते फारसं पटलं नाही, पण अडवलंही नाही.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "तुझ्या नव्या पद्धतीनं गाणं गिळलं बघ!" शेजारच्या आजींचं नुकतंच घेतलेलं गाणं उघडत नव्हतं. बदल मीच केला होता. रविवारी पहिली बस धरली.

संगणकातल्या नोंदी वाचल्या, तेव्हा उलगडा झाला. डिस्कच मरायला टेकली होती. लिहिलेलं आणि आता वाचलेलं जुळत नव्हतं, म्हणून नवी पद्धत फाइल द्यायला नकार देत होती. आणखी काही गाण्यांचं तेच झालेलं, पण त्यांच्या प्रती माझ्याकडं होत्या. बाकीची तिथंच बसून उतरवून घेतली. गेलं ते आजींचं तेवढं.

अप्पा म्हणाले, "म्हणजे हिनं वेळेत सांगितलं म्हणायचं."

"व्हय."

दोघं आजींकडं गेलो. त्या अंगणात तूर निवडत होत्या. अप्पा अवघडून म्हणाले, "अक्का, तुमचं गाणं गेलं."

आजी हसल्या. "जातंय कुठं? माझ्यापाशीच हाय की." सूप बाजूला ठेवून त्यांनी पदर सावरला आणि अप्पांनी मोबाइल पुढं धरायच्या आतच गायला सुरुवात केली. या वेळी त्यांना दोन कडवी जास्तीची आठवली.