रेश्माला दिलेला ब्लॉक

या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि बहुतेकांवर हसतो, हे आधीच कबूल करतो. पेशाने मी भूलतज्ज्ञ. भोर-वेल्हे भागातल्या छोट्या हॉस्पिटलांतून फोन आला की बॅग उचलून निघायचं. भुताखेतांसाठी वेळही नाही आणि हौसही नाही.

भातकापणीचे दिवस होते. विंझरच्या रेश्माचं गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन भोरमध्ये होतं, पोट उघडावं लागणार होतं. आत नेताना तिच्या आईने, हिराबाईंनी, तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "बाय माझी... तुझं समदं दुखणं मला येऊ दे."

मी म्हटलं, "मावशी, त्यासाठी मी आहे ना! पोटाच्या नसांजवळ इंजेक्शन देतो. उद्या सकाळपर्यंत टाके दुखणारच नाहीत." जरा तोऱ्यातच म्हटलं.

ऑपरेशन छान झालं. सोनोग्राफीवर बघून दोन्ही बाजूंना ते बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, दिला. दुपारी निघालो, तर खाली बाकावर हिराबाई पोट धरून वाकलेल्या.

"हितं, उजव्या अंगाला... गच्च भरल्यावानी झालंय. हात लावू देईना."

त्या अजून वर वॉर्डात गेल्याच नव्हत्या. मी पोट तपासलं — अगदी मऊ. काळजीने उपाशी राहिल्या असतील म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली आणि बाईकला किल्ली लावली.

तरी काय वाटलं कोण जाणे, परत वर गेलो. रेश्मा शांत पडली होती.

"दुखतंय का काही?"

"न्हाई ओ डॉक्टर, लई बरं हाय."

नाडी मात्र पळत होती. चादर बाजूला केली, तर टाक्यांच्या उजव्या टोकाशी मुठीएवढी सूज, पट्टी रक्ताने भिजलेली. आतली एक रक्तवाहिनी सुटली होती. तिला कळणार कसं? पोट मीच बधिर केलं होतं. खरं सांगतो, घाबरलो. सर्जनना बोलावलं, टाके उघडून वाहिनी बांधली. रेश्मा वाचली. मी तसाच घरी गेलो असतो तर... तो विचार मी करत नाही.

संध्याकाळी हिराबाईंची सोनोग्राफी केली. काहीही निघालं नाही, कळ मात्र तशीच.

सकाळी ब्लॉक उतरला. रेश्मा कण्हायला लागली आणि त्याच वेळी उशाशी बसलेल्या हिराबाई सरळ झाल्या. "माझं थांबलं बगा," म्हणाल्या, आणि लेकीकडे बघून रडायला लागल्या.

मी पुन्हा ब्लॉक द्यायला सोनोग्राफीचं मशीन मागवलं. ते बघून हिराबाईंनी डोळे पुसले, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि पोटावर दोन्ही हात ठेवले.

"द्या डॉक्टर. माझी तयारी हाय."

योगायोग म्हणा, आईची काळजी म्हणा... स्वतःला सगळं सांगून झालंय, एकही पटलेलं नाही. मशीन मी परत पाठवलं. सलाईनमधून औषध दिलं. त्याने बरंचसं कमी झालं, उरलेलं रेश्माने सोसलं.

सर्जननी नंतर विचारलं, "ब्लॉक का नाही दिला?"

"गरज वाटली नाही," मी म्हटलं. खोटं बोललो.