पुठ्ठ्यावरचा योद्धा

परवा माझ्या भाच्यानं, दादाच्या मुलानं, नव्या खेळण्याचं खोकं उघडलं. कोऱ्या पुठ्ठ्याचा आणि प्लॅस्टिकचा वास आला आणि मला सिंदीचं आमचं घर आठवलं.

मामांनी नागपूरहून दादाला आणि मला मिळून एकच बाहुला आणला होता. योद्ध्याचा, हात न वाकणारा. पण ज्या पुठ्ठ्यावर तो बसवलेला होता, त्यावरच्या चित्रात आभाळ लालभडक होतं, मागं डोंगर पेटलेला होता आणि हाच योद्धा तलवार उगारून उभा होता. आम्ही बाहुल्यापेक्षा ते चित्रच जास्त वेळ पाहायचो.

दादा वर्ध्याच्या वसतिगृहात राहायला निघाला, त्या सकाळी तो मला म्हणाला, “बाहुला तूच ठेवजो. मी पुठ्ठा नेतो.”

“खेळणं सोडून पुठ्ठा काऊन नेऊन राह्यला?” आईनं विचारलं.

“पेटीच्या झाकणाले आतून लावतो.”

बाहुला एकटीला मिळाला म्हणून मी तेव्हा खूश होते. आता वाटतं, दहा वर्षांच्या त्या मुलाला परक्या खोलीत पेटी उघडल्यावर न घाबरलेलं कुणीतरी समोर दिसायला हवं होतं.